सांगितलं की गुण जातो

इंदुताई खोटं बोलते तेव्हा छताकडे बघते. लग्न होऊन मी पोंभुर्ण्याजवळच्या या गावात आले, त्या पहिल्याच उन्हाळ्यात मला हे कळलं. सासूबाईंनी चारोळी फोडून सुपात वाळत घातली होती आणि दुपारपर्यंत सूप निम्मं रिकामं झालं होतं. "मी नाई खाल्ली," असं म्हणून माझी ही नणंद वर कवेलूंकडे बघत उभी राहिली, आणि गाल तर दोन्हीकडून फुगलेले. वयानं ती माझ्याहून लहान, पण नणंद म्हणून मानानं मोठी. त्यामुळे तोंडावर मी तिला अहो-जाहो करते आणि मनात अगं-तुगं. इथे मनातलंच लिहिते.

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. कवेलू गेले, घरावर स्लॅब आला. तिचे यजमान गेल्यापासून ती आमच्याकडेच असते आणि माझ्या मुलावर, निकेशवर, माझ्यापेक्षा जास्त हुकूम चालवते. धानाच्या बांधीत कुठल्या दिवशी पाणी सोडायचं इथपासून त्यानं कुठला शर्ट घालायचा इथपर्यंत.

गेल्या पावसाळ्यात तिचे पाय सुजले. आधी आम्हाला वाटलं, धानाच्या रोवणीच्या बायकांसाठी दिवसभर चुलीपुढे उभी होती म्हणून असेल. मग दोन उशांशिवाय झोप येईना, मग अंगणातून ओसरीत यायलाही दम लागू लागला. हुकूम अर्ध्यात तुटायचे. "निकेश, ते मोटर..." आणि पुढचं हातानं. तेव्हा मात्र निकेशनं तिला गाडीत घालून चंद्रपूरला एका दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय. पंप चालू आहे, पण जोर कमी पडतो, म्हणून पाणी मागे साचतं, पायात आणि फुप्फुसात. गोळ्यांनी ते पाणी उतरलं. चार-पाच गोळ्या, एक छापील कागद, मीठ कमी, पाणी मोजून, रोज वजन, असं सगळं घेऊन आम्ही तिला घरी आणलं. कागद मी देवघराच्या भिंतीला लावला आणि गोळ्या माझ्या हातानं द्यायला लागले. जन्मभर शाळेत मास्तरीण होते, पोरांना जंताच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या पोरांपेक्षा इंदुताई बरी होती, निदान थुंकत नव्हती.

दवाखान्यातून माणूस घरी आलं की आमच्याकडे गाव भेटायला येतं. कोणी लिंबं आणतं, कोणी अंडी, कोणी नुसतंच "किती वाळल्या हो इंदुबाई" म्हणायला. त्या गर्दीत जंगलाकडच्या गावातला पत्रूही येऊन गेला. पत्रू म्हणजे दसरू वैदूचा मुलगा. दसरूच्या औषधानं माझी कावीळ उतरली होती, मी नवी नवरी असताना. तेव्हा पहाटे त्यानं कसलीशी मुळी खणून आणली होती. खणताना बोलायचं नाही, आणताना कोणी विचारलं तर थांबायचं नाही, आणि घेणाऱ्यानं कुणापाशी उच्चार करायचा नाही. सासूबाईंनी मला बजावलं होतं, "सांगतलं का गुण जाते, सूनबाई." मी शिकलेली होते, तरी कुणाला बोलले नाही. पिवळे डोळे घेऊन कोण धोका पत्करतं?

पत्रू आला, ओसरीवर बसला, मी आत चहा टाकत होते. बाहेर आले तर दोघं भाऊबहिणीसारखे सुखदुःखाचं बोलत होते. मला वाटलं, भेटायला आला असेल.

पुढे काही दिवस सगळं छान चाललं. मग इंदुताईला उठताना अंधारी येऊ लागली. एका सकाळी ती तुळशीपाशी बसली ती उठेचना. डोळे उघडे, पण अंगात त्राण नाही. निकेशनं पुन्हा गाडी काढली. इंदुताईनं गाडीत आडवं पडल्या पडल्याही त्याला शर्ट बदलायला लावला.

दवाखान्यात रक्त तपासलं. निकाल बघून डॉक्टर गोंधळले. या वेळी पाणी साचलेलं नव्हतं, उलट अंग कोरडं पडलं होतं. मूत्रपिंडावर ताण आला होता आणि रक्तातला पोटॅशियम नावाचा क्षार फार वाढला होता. त्यांनी दोन गोळ्या थांबवल्या, सलाईन लावलं, चारसहा दिवसांत बाई उठून बसली. पण घरी सोडायची वेळ आली तेव्हा गाडी अडली.

तिथे रीता सिस्टर होती. अहेरीकडची, ठेंगणी, गोल चेहऱ्याची, चालताना चपला वाजवणारी. हृदयाच्या रोग्याला घरी सोडण्याआधी ती त्याच्या खाटेवर बसायची, गोळ्यांची पिशवी पलंगावर ओतायला लावायची आणि कागदाशी एकेक ताडून बघायची. आमची पिशवी ओतून झाली, ताडून झाली. सगळं बरोबर निघालं.

"गोळ्या कोण देतं, मावशी?" तिनं मला विचारलं.

"मी."

"चुकून दोनदा तर नाही दिल्या?"

मला राग आला. "सिस्टर, तुमच्या वयाची पोरं माझ्या हाताखालून मास्तर होऊन गेली."

"मास्तर झाली म्हणजे चुकत नाहीत का?" ती हसून म्हणाली. "रागावू नका. कारण सापडलं नाही तर डॉक्टरांची पंचाईत होते. या गोळ्यांनीच असं झालं असेल तर त्या कायमच्या बंद कराव्या लागतील. बंद केल्या तर पाणी पुन्हा साचणार. आणि दुसऱ्याच कशानं झालं असेल आणि ते घरी चालूच राहिलं, तर आजी पुन्हा इथे येतील. दर वेळी उठून बसतीलच असं नाही."

हे तिनं हळू आवाजात सांगितलं, पण इंदुताईच्या कानांना काही झालेलं नव्हतं. ती चादरीचं टोक चिमटीत धरून बसली.

"आजी," सिस्टर तिच्याकडे वळली, "या गोळ्या सोडून दुसरं काही घेता? दुखण्याची गोळी? काढा? झाडपाला?"

"नाई व माय," इंदुताई म्हणाली, आणि तिनं वर पंख्याकडे बघितलं.

मला चारोळीचं सूप दिसलं.

सिस्टर दुसऱ्या खाटेकडे गेल्यावर मी स्टूल जवळ ओढलं. "इंदुताई, काय घेता तुम्ही?"

"काई नाई."

"पंख्यावर काय लिहिलंय?"

"काऊन, पंखा पाह्यनं गुन्हा आहे का? फिरून राह्यला, म्हून पाह्यलं."

पंखा बंद होता. ती स्वतःच खुदकन हसली, पण ओठ पुन्हा घट्ट मिटले. तेवढ्यावरून मला सगळं समजलं. पत्रू ओसरीवर बसला होता तो नुसता भेटायला नव्हता. आणि इंदुताई खोटं बोलत होती असंही नाही. तिच्या लेखी "हो" म्हणणं म्हणजे औषध मातीत घालणं. ज्या औषधानं आपण वाचणार असं तिला वाटत होतं, ते वाचवण्यासाठी ती गप्प होती. मी तिला धमकावलं असतं तर तिनं छताला भोक पडेपर्यंत वर बघितलं असतं.

मग मला मुखरूभाऊजींची आठवण झाली, म्हणजे तिच्या यजमानांची.

"इंदुताई, तुम्ही जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं?"

"बाई! कायले घेऊ?"

"पण रेशनकार्डावर आहे. मतदारयादीत आहे. बँकेतही आहे. ते कुणी सांगितलं?"

"तुमीच सांगतलं की. तो यादीवाला आला तेव्हा मी दारामागं उभी होती. तुमी बोलले."

"मग माझ्या बोलण्यानं तुमचा नेम मोडला?"

"नाई. माह्या तोंडातून थोडीच निघालं?"

"तसंच आता करू. तुम्ही बोलू नका. मी बोलते."

ती विचारात पडली. लहानपणापासून तिला एखादी गोष्ट पटू लागली की ती उजव्या हाताची बोटं मोडते. दोन बोटं मोडून झाली. मग ती अगदी सहज, जणू हवापाण्याचं बोलतेय अशा सुरात म्हणाली, "वहिनी, माह्या लुगड्याच्या कमरंच्या गाठीले हात नोका लावू बरं. सांगून ठेवतो."

मी लगेच हात लावला. ती खिडकीबाहेर बघत राहिली. गाठीत पळसाच्या पानाची एक पुडी निघाली आणि पुडीत मातकट रंगाची भुकटी. दवाखान्याच्या खाटेवर, सलाईन चालू असताना, बाईच्या कमरेला पुडी!

"इथेही घेत होता?"

"इथी नाई घेतली," ती म्हणाली. पंख्याकडे बघितलं नाही, म्हणून मी विश्वास ठेवला. "इथी पाणी कुठी भेटते चोरून? ते सिस्टर तं पेला मोजते."

रीता सिस्टरला मी पुडी दाखवली आणि कुणाची ते सांगितलं. तिनं वास घेतला, बोटावर घेऊन बघितली आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर तरुण होते, घाईतही. ते म्हणाले, "फेकून द्या. सगळं बंद."

"सर, फेकली तर घरी गेल्यावर दुसरी येईल," सिस्टर म्हणाली. "आणि आत काय आहे ते कळल्याशिवाय गोळ्यांचं कसं ठरवणार? ज्यांनी दिली त्यांनाच विचारू या."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, इंदुताईकडे बघितलं. "येतील ते?"

"माझा मुलगा आणेल," मी म्हणाले.

निकेश मोटारसायकलवर गेला आणि दुपारी पत्रूला मागे बसवून आला. पत्रू आता सत्तरी ओलांडलेला, पण ताठ. डोक्याला पांढरं फडकं, खांद्याला पिशवी, हातात काठी, आणि चेहऱ्यावर अशी काळजी की जणू त्यालाच भरती करणार आहेत.

"जोहार, बाई," तो दारातून म्हणाला. "पोलीस बोलावले का?"

"नाही हो बाबा," रीता सिस्टरनं त्याला खुर्ची दिली. "आधी पाणी प्या. मला एवढंच विचारायचं आहे, तुम्ही आजींना काय दिलं आणि कशासाठी?"

"कशासाठी म्हंजे? पायातलं पानी उतरवाले. मी घरी गेलतो, पाय दाबून पाह्यले, अजून थोडं होतं पानी. म्हून मुळी देल्ली."

"आणि आम्ही इथून पाणी उतरवायची गोळी दिली होती."

पत्रूनं खुर्चीवरून मागे वळून इंदुताईकडे बघितलं. "इंदुबाई! तुमाले म्या विचारलं का नाई? 'दवाखान्याचं काई चालू आहे का?' असं तोंडानं विचारलं का नाई?"

इंदुताईनं चादरीचं टोक पुन्हा चिमटीत धरलं.

"आणि काय सांगतलं तुमी? 'काई नाई पत्रूभाऊ, त्याईनं नुसतं पाह्यलं अन् सोडलं.'"

"तुम्हालाही 'नाही' म्हणाल्या?" सिस्टर पुढे वाकली.

"म्हंजे तुमालेबी?"

"मलाही!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग पत्रूच्या मिश्या हलू लागल्या. सिस्टरनं पदराऐवजी कागद तोंडावर धरला. शेजारच्या खाटेवरची बाई, जिला हसायला बंदी होती, तीही हसू लागली.

"पण यांना का नाही सांगितलं?" मी इंदुताईला विचारलं. "वैदूचं औषध दवाखान्यात सांगायचं नाही, हे समजलं. दवाखान्याच्या गोळ्या वैदूला सांगायला काय झालं होतं?"

इंदुताईनं आमच्या सगळ्यांकडे कीव केल्यासारखं बघितलं. "वहिनी, तुमी शिकल्या-सवरल्या. औषध म्हटलं का औषध. एकाचा नेम पाळाचा अन् दुसऱ्याचा मोडाचा, असं करते का कोणी? मी दोघाईचाबी पाळला."

तर असं होतं. तिनं दोन्ही औषधांचा सारखाच मान राखला होता. भुकटीचा गुण जाऊ नये म्हणून सिस्टरपाशी गप्प, आणि गोळ्यांचा गुण जाऊ नये म्हणून पत्रूपाशी गप्प. दोन्हींनी इमानदारीनं पाणी उतरवलं होतं, इतकं की बाईच वाळून गेली.

"दोन बैल एकाच अंगाले जुपले," पत्रू डोकं हलवत म्हणाला. "गाडी नालीत नाई जाईन तं काय होईन?"

"आता मुळी कुठली ते सांगा," सिस्टर म्हणाली.

पत्रूचा चेहरा बदलला. "नाव कसं घेऊ, बाई? त्या इथीच बसल्या, ज्याईनं घेतलं."

"बाबा..."

"नाव घेत नाई. पन दाखवतो." तो काठी टेकत उठला. "चाला बाहेर."

मी, सिस्टर आणि निकेश त्याच्यामागे गेलो. मला वाटलं, आता हा आम्हाला जंगलात नेतो की काय. पत्रू दवाखान्याच्या मागच्या दारानं निघाला, सायकल स्टँडच्या पलीकडे नळाचं पाणी सांडून ओल झाली होती तिथे थांबला आणि भिंतीच्या बुडाशी काठी टेकवली. लालसर देठांची, जमिनीवर पसरलेली, इवल्या गुलाबी फुलांची वेल.

"ही तर घेटुळी!" मी म्हणाले. "आम्ही पावसाळ्यात भाजी करतो हिची."

"भाजी येगळी, मुळी येगळी," पत्रू जरा दुखावून म्हणाला. "भाजीले म्या पहाटे उठतो का?"

सिस्टरनं एक डहाळी तोडून डॉक्टरांना नेऊन दाखवली. डॉक्टरांनी फोनमध्ये शोधलं. "पुनर्नवा," ते म्हणाले. "हिनं लघवी वाढते. पोटॅशियमही भरपूर असतं हिच्यात. आपली एक गोळीही पोटॅशियम धरून ठेवते." पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मोकळा झाला. "म्हणजे गोळ्या वाईट नव्हत्या. मुळी आणि गोळ्या एकत्र झाल्या म्हणून बिघडलं. पाण्याची गोळी पूर्वीसारखी चालू करता येईल. दुसरी कमी डोसवर, आणि आठवड्यानं रक्त तपासू." मग ते पत्रूकडे वळले. "बाबा, तुमची मुळी मात्र थांबवावी लागेल."

"थांबवा," पत्रू म्हणाला. "मले काय तिचं लगीन लावाचं आहे?"

आत इंदुताईनं मुळी बंद झाल्याचं ऐकलं आणि मला जवळ बोलावून विचारलं, "कोणती म्हने ती?"

"म्हणजे? तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मले कुठी माहीत? त्याईनं भुकटी देल्ली, म्या घेतली."

जे नाव तिला ठाऊकच नव्हतं ते तिनं प्राणपणानं लपवलं होतं. निकेश भिंतीकडे तोंड करून हसत होता. "हसू नोको बे," ती म्हणाली, "शर्टाची गुंडी लाव."

रीता सिस्टरनं नवा कागद केला. गोळ्या लिहिल्या, कोणती केव्हा, कोणती कशासाठी, आणि सगळ्यांत खाली, ठळक अक्षरांत, "पत्रूबाबांची मुळी (घेटुळी) – बंद." मग तो इंदुताईला मोठ्यानं वाचून दाखवला. खोलीत सगळे ऐकत होते, शेजारची बाई, तिचा नातू, झाडू मारणारी.

वाचून झाल्यावर इंदुताई आडवी झाली आणि तिनं डोक्यावरून पांघरूण घेतलं.

"काय झालं, आजी?"

"आता काय उपयोग?" पांघरुणातून आवाज आला. "साऱ्याईसमोर वाचलं. गेला गुण. आता त्या गोळ्या अन् खडू सारखेच. मी नाई घेत."

आमचे चेहरे पडले. रीता सिस्टरनं समजावलं, गोळीत जे असतं ते असतं, बोलण्यानं कमी होत नाही. पांघरूण हललं नाही. मी समजावलं. निकेशनं विनवलं, "आत्याबाई, असं नोका करू ना." डॉक्टर म्हणाले, गोळ्या घेणार नसतील तर मी सोडत नाही, त्यावर पांघरुणातून उत्तर आलं, "नोका सोडू." ही बाई असा हट्ट धरून घरी आली तर मी तिच्या हातात गोळी ठेवेन आणि ती चुलीत जाईल, हे मला दिसत होतं. आणि मग महिन्याभरात त्या दोन उशा.

पत्रू निघायच्या तयारीत होता. तो परत फिरला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.

"इंदुबाई, नेम कोनाचा?"

"तुमचा."

"माह्या बापाचा. त्याच्या बापाचा. मंग तो कशाले लागते, कशाले नाई, हे मले माहीत का तुमाले?"

पांघरूण जरा खाली आलं.

"जे जमिनीतून निंगते, ज्याले माती लागली असते, त्याले हा नेम. ते मुकाट्यानं आनाचं, मुकाट्यानं घ्याचं." त्यानं गोळ्यांचं एक पाकीट उचलून उजेडात धरलं. "ह्याले माती लागली? हे कारखान्यातलं. ह्याचं उलटं आहे. हे मुकं राह्यलं का फसवते. याचं नाव जितक्याईले सांगसान, तितकं बरं. वैदूले सांगाचं, सिस्टरले सांगाचं, घरच्याईले सांगाचं. नाई सांगतलं तं काय होते, ते तुमीच पाह्यलं. तुळशीपाशी पडले का नाई?"

इंदुताईनं त्याच्याकडे बघितलं. मग बोटं मोडली. एक, दोन.

"खरं?"

"माह्या बापाची आन."

दसरूनं आयुष्यात एकही कारखान्याची गोळी बघितली नसेल. पत्रूनं हा नेम तिथल्या तिथे केला की खरंच त्याच्या मनात होता, हे मी त्याला नंतरही विचारलं नाही. रीता सिस्टरनं मात्र त्याला नमस्कार केला आणि म्हणाली, "बाबा, दर पेशंटला तुम्हीच येऊन सांगत जा." तो म्हणाला, "जेवन देसान तं येईन," आणि तिनं खरंच डबा उघडला.

इंदुताई उठून बसली. "सांग व माय, नावं. काय काय म्हनाचं?"

सिस्टरनं एकेक नाव शिकवलं. फ्युरोसेमाइडची इंदुताईनं फुरसमाई केली, जशी एखादी गावदेवी. स्पायरोनोलॅक्टोन तिला जमेना, तेव्हा ती म्हणाली, "हे पिवळी, पोटॅशियम धरनारी. काम सांगतलं तं चालते ना?" सिस्टर म्हणाली, नावापेक्षाही बरं.

त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवसापासून गाव पुन्हा भेटायला येऊ लागलं, आणि पहिल्या वेळी जी बाई मिठाची गुळणी धरल्यासारखी बसली होती, ती आता आल्या-गेल्याला गोळ्या ऐकवू लागली. दूधवाल्याला, किराणावाल्याला, अंगणवाडीच्या बाईला. "सकाळी फुरसमाई, पानी उतरवाची. तिच्यावर दुसरी कोणती पानी उतरवाची चालत नाई, नाई तं अंधारी येते." सकाळी धान मोजायच्या काट्यावर उभी राहून ती निकेशकडून वजन वाचून घेते आणि ते गल्लीला ओरडून सांगते. एकदा दोन दिवसांत वजन चढलं, तेव्हा गल्लीनंच मला आधी सांगितलं. आम्ही सिस्टरला फोन केला, तिनं डॉक्टरांना विचारून गोळीचं सांगितलं आणि वजन उतरलं. आदल्या दिवशी कुणाकडे तरी सुकट खाल्ली होती, हेही गल्लीनंच सांगितलं.

परवा आम्ही तपासणीला चंद्रपूरला गेलो होतो. रक्त चांगलं निघालं. डॉक्टर म्हणाले, असंच चालू द्या. परतताना बसमध्ये मला खिडकी मिळाली आणि मी डोळे मिटून घेतले. त्या रस्त्यावर पूर्वी दोन्हीकडून मोहाची झाडं होती, बस थांबली की वास आत यायचा. मला त्या वाटेवर थोडं गप्प बसायला आवडतं. पण शेजारी इंदुताई होती.

"तुमाले कोणती आहे?" तिनं पुढच्या बाकावरच्या बाईला विचारलं.

"काय कोणती?"

"गोळी. बीपीची असन नाई तं साखरेची. या वयात असतेच."

बाई आधी लाजली, मग तिनं सांगितलं. तिच्या नवऱ्यानं त्याची सांगितली. मागचा एक म्हातारा म्हणाला, मला दोन आहेत बीपीच्या, एक गावच्या डॉक्टरची, एक शहरातल्या. त्यानं खिशातून दोन्ही पाकिटं काढली. इंदुताईला वाचता येत नाही. तिनं ती माझ्या मांडीवर ठेवली. "वहिनी, डोळे उघडा. पाहा बरं, काय लिव्हलं आहे."

मी चष्मा लावला. कंपन्या दोन, रंग दोन, पण खाली बारीक अक्षरांत औषध एकच.

"भाऊ," मी म्हणाले, "दोन्ही एकच औषध आहे. आज घरी जाऊ नका. पहिलं डॉक्टरांना हे दाखवा."

"पन दोघाईनंबी देल्ली ना," म्हातारा म्हणाला.

"दोघाईले सांगतलं का?" इंदुताईनं विचारलं.

म्हाताऱ्यानं हळूच बसच्या छताकडे बघितलं. कंडक्टरनं तिकिटांची पिशवी सावरली, घंटी वाजवली आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, पुढच्या स्टॉपवर थांब, या भाऊंना परतीच्या गाडीत बसवायचं आहे.